'नाही' म्हटल्यावर काय होतं?

प्रश्न: मी पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने येऊन सांगितलं की तिच्या मैत्रिणीचा बॉयफ्रेंड तिचा फोन तपासतो, कुठे आहेस म्हणून दिवसभर विचारत राहतो, आणि ती आता कुणात मिसळत नाही. मारहाण मात्र नाही. मी यात पडावं का? शिवाय प्राचार्यांनी मला 'निरोगी नातेसंबंध' या विषयावर एक व्याख्यान ठेवायला सांगितलं आहे. अशा व्याख्यानाचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं "मारहाण मात्र नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. गेली कित्येक वर्षं मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते आहे, आणि या विषयावर माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं आहे. मैत्रिणी म्हणतात, शिक्षक म्हणतात, आईवडील म्हणतात. जिच्यावर हात उचलला गेला ती मुलगीसुद्धा आधी हेच म्हणते, "तसं मारलं नाही हो, फक्त मनगट पिरगाळलं." म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. तुम्ही यात जरूर लक्ष घाला. पहिला फटका बसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असेल, कारण नातं बिघडायला लागल्याची ती पहिली खूण जवळजवळ कधीच नसते. आणि फटका कधीच बसला नाही, तरी आज त्या मुलीचं जे चाललं आहे त्याला छळच म्हणतात.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलूथ शहरात १९८४ मध्ये काही कार्यकर्त्यांनी जोडीदाराचा छळ सोसलेल्या स्त्रियांशी बोलून एक चाक रेखाटलं. आज जगभरचे समुपदेशक ते वापरतात. चाकाच्या तुंब्याच्या जागी 'सत्ता आणि नियंत्रण' असं लिहिलं आहे. एकेका आऱ्यावर धमकावणं, पाणउतारा करणं, माणसांपासून तोडणं, घडलेलं नाकारून दोष तिच्याच माथी मारणं, पैशांवर ताबा ठेवणं असे प्रकार आहेत. शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे ती बाहेरच्या धावेवर. धाव जशी सगळे आरे घट्ट आवळून धरते, तशी एकदाच झालेली मारहाण, किंवा नुसती तिची भीतीसुद्धा, बाकीचे सगळे प्रकार घट्ट करते. मग पुन्हा मारायची गरजच उरत नाही, नुसता आवाज चढला तरी पुरतं. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी पुढे हीच गोष्ट ठामपणे मांडली की या छळात शरीराच्या इजेइतकंच, किंबहुना त्याहून अधिक, माणसाचं स्वातंत्र्य हिरावलं जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरला, मारहाण झालेली नसली तरीही. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना हे ओळखू येत नाही, यात त्यांचा दोष नाही. सुरुवातीला ते काळजीसारखंच दिसतं. पोचलीस का, जेवलीस का, कोण कोण होतं, परत कशी येणार. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यात इतकं गुंतलंय, या आनंदात ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते. मग एके दिवशी उत्तर द्यायला अर्धा तास उशीर होतो आणि समोरून अबोला येतो. दुसऱ्या दिवशी तो माफी मागतो, रडतो, "मला तुझ्याशिवाय कुणी नाही" म्हणतो. हे दिवस फार गोड असतात, आणि पुढचं सगळं सोसायला तेच लावतात. नात्याचा अनुभव नवा असतो, तुलना करायला दुसरं नातं नसतं, आणि भोवतालच्या मित्रमंडळींत संशयालाच प्रेमाची खूण मानलेलं असतं. "तो जरा पझेसिव्ह आहे" हे वाक्य मी मुलींच्या तोंडून अभिमानाने म्हटलेलं ऐकलं आहे. त्यांतलीच एक मुलगी दीड वर्षाने माझ्यासमोर बसून तोच शब्द पुटपुटत होती.

मग साधं भांडण कोणतं आणि छळ कोणता? हा प्रश्न तुम्हाला वर्गात नक्की विचारला जाईल. मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट तपासायला सांगते. छोटंसं 'नाही' म्हणून बघा, आणि त्यानंतर काय होतं ते बघा.

छोटंसं म्हणजे खरोखरच छोटं. "आज मला यायचं नाही, झोपायचं आहे." "हा फोटो टाकू नकोस." "या शनिवारी मी मैत्रिणींबरोबर आहे." निरोगी नात्यातही समोरचा हिरमुसतो, क्वचित कुरकुरतो, एखादं वाक्य टोचून बोलतो. दोघं वाद घालतात, आवाज चढतात, दुसऱ्या दिवशी हसतात. तेवढं चालायचंच. पण 'नाही' ऐकल्यावर चाळीस मिस्ड कॉल येत असतील, तीन दिवस अबोला धरला जात असेल, तो खोलीखाली येऊन उभा राहत असेल, "दुसरा कुणीतरी आहे म्हणूनच" असा आरोप होत असेल, तर त्या छोट्या 'नाही'ची किंमत वाढवली जाते आहे. ती किंमत दोन-तीनदा मोजली की मुलगी 'नाही' म्हणायचं सोडून देते. खरा धोका याच्याही पुढे आहे. काही महिन्यांनी आपण 'नाही' म्हणायचं सोडलंय, हेच तिच्या लक्षात येईनासं होतं. तिला विचारलं तर ती मनापासून सांगते, "आमची भांडणं होतच नाहीत." भांडण नसलेल्या नात्याचं कौतुक करण्याआधी तिथे दोघांनाही भांडायची मोकळीक आहे का, हे मी आवर्जून विचारते.

जवळिकीच्या बाबतीतही हीच कसोटी लागू आहे, आणि तिथे ती विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी. पाच वेळा नाही म्हटल्यावर सहाव्यांदा थकून म्हटलेलं 'बरं' म्हणजे होकार नव्हे. काल हो म्हटलं म्हणून आज ते गृहीत धरता येत नाही. फोटो पाठवण्यासाठी "विश्वास नाही का माझ्यावर?" असं विचारणं हा दबाव आहे. गर्भनिरोधक वापरायला नकार देणं हाही दबाव आहे. हे विषय आपण संकोचाने टाळले, तर मुलं ते आपसातल्या अर्धवट माहितीतून शिकतात.

दुसरी खूण तुमच्या प्रश्नातच आली आहे: ती कुणात मिसळत नाही. नाती नीट चालली असली की माणसाचं जग थोडंफार मोठं होतं, निदान आहे तेवढं तरी राहतं. छळात ते आक्रसतं. आधी एक मैत्रीण नकोशी होते, मग नाटकाचा ग्रुप सुटतो, मग कपडे बदलतात, हजेरी घसरते, फोन वाजला की चेहरा उतरतो. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. म्हणून एकाच प्रसंगाच्या खरेपणावर वाद घालू नका. सहा महिन्यांपूर्वी ती काय काय करायची आणि आज त्यातलं काय उरलं आहे, हे पाहा. वर्गशिक्षकाला हा फरक समुपदेशकाच्या कितीतरी आधी दिसतो.

फोनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आजच्या विद्यार्थ्यांचं निम्मं नातं तिथेच घडतं आणि तिथेच बिघडतं. पासवर्ड देणं ही विश्वासाची परीक्षा म्हणून मागितली जाते. लोकेशन 'सुरक्षेसाठी' चोवीस तास चालू ठेवायला लावलं जातं. मेसेज वाचून उत्तर का दिलं नाही, अमक्याच्या स्टेटसला लाइक का केलं, रात्री दोनला ऑनलाइन का दिसत होतीस, याचा हिशेब द्यावा लागतो. खाजगी फोटो पसरवायची धमकी तर माझ्याकडे येणाऱ्या कित्येक गोष्टींच्या तळाशी असते. अशा मुलीला आपण घाईने "ब्लॉक कर, लोकेशन बंद कर" म्हणतो. कधी तेच योग्य असतं. पण ज्याला नियंत्रण हवं आहे त्याला ते हातून निसटल्याचा सुगावा त्याच क्षणी लागतो, आणि तो चवताळतो. त्यामुळे ब्लॉक करण्याआधी धमक्यांचे मेसेज आणि स्क्रीनशॉट विश्वासातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवावेत. मदतीची माहिती तो तपासत नसलेल्या फोनवरून शोधावी. आणि बदल कधी करायचा, हे तिच्या सुरक्षेचा विचार करून तिनेच ठरवावं.

हे अपवादाने घडतं असं कुणी म्हणालं तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ मधला अंदाज सांगा. लग्नात किंवा नात्यात असलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींना विशीच्या आतच जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली आहे. म्हणजे जवळजवळ १ कोटी ९० लाख मुली. लग्नात किंवा नात्यात असलेल्या या वयाच्या सगळ्या मुलींपैकी १६ टक्के मुलींच्या बाबतीत ते गेल्या वर्षभरातच घडलं होतं. फोन तपासणं, धमक्या, एकटं पाडणं हे या आकड्यांत धरलेलंच नाही. मुलग्यांचाही छळ होतो, समलिंगी जोडप्यांतही होतो. मुलगा सांगायला आला तर पहिली भीती असते ती हसं होण्याची. समलिंगी मुलामुलींना तर "तुझ्याबद्दल सगळ्यांना सांगून टाकीन" ही धमकीच पुरेशी असते. या उत्तरात मी 'ती' म्हणते आहे ते तुमच्यासमोरची गोष्ट मुलीची आहे म्हणून. आणि गंभीर इजा, लैंगिक हिंसा आणि जिवाचं भय यांचा मोठा भार मुलींवरच पडतो, हेही खरं आहे.

आता तुमच्याकडे आलेल्या मुलीकडे वळू, म्हणजे त्या मैत्रिणीकडे. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची व्यक्ती तीच आहे. असल्या गोष्टी विद्यार्थी आधी आपल्याच वयाच्या कुणाला तरी सांगतात. शिक्षक, समुपदेशक, पोलीस हे सगळे फार नंतर येतात, आणि कित्येकदा येतच नाहीत. त्या पहिल्या माणसाने कसं ऐकलं, यावर ती दुसऱ्यांदा तोंड उघडेल की नाही हे ठरतं. तेव्हा तिला आधी सांगा की येऊन तिने फार चांगलं केलं. मग काय बोलायचं ते तिला शब्दांसकट द्या. "काळजी घे" एवढं म्हणून तिला परत पाठवू नका.

मैत्रिणीने एकांतात, फोन बाजूला ठेवून, जे दिसलं तेवढंच सांगावं: "तू हल्ली तालमीला येत नाहीस. त्याचा फोन आला की तू दचकतेस. मला तुझी काळजी वाटते." त्याला नावं ठेवू नयेत. "तो टॉक्सिक आहे, सोड त्याला" म्हटलं की तिला त्याची बाजू घ्यावीच लागते, आणि त्याची बाजू घेता घेता ती मैत्रिणीपासून आणखी लांब जाते. त्यालाही तेच हवं असतं. "तू सोडत का नाहीस?" हा प्रश्नही टाळावा. आपल्याला तो साधा वाटतो, तिला तो आरोप वाटतो. न सोडण्याची कारणं खरी असतात. भीती असते, प्रेमही असतं, फोटो त्याच्याकडे असतात, घरी कळण्याची धास्ती असते, दोघांचे मित्र एकच असतात, वर्गही एकच असतो. "काहीही ठरवलंस तरी मी आहे" हे वाक्य मात्र अनेकदा म्हणावं, आणि ते खरं करावं. ती चार वेळा त्याच्याकडे परत गेली आणि पाचव्यांदा रात्री अकराला हिच्याकडे आली, तरी "मी सांगत होते ना" असं म्हणू नये. त्या मैत्रिणीलाही हे ओझं एकटीने पेलायला लावू नका. तिच्यासाठीही एक मोठं माणूस हवं. ते तुम्ही व्हा.

ती मुलगी पुढे तुमच्याकडे आली तर "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येईलच असं नसतं. तिच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला, ती अल्पवयीन असली, किंवा संस्थेचा नियम तुम्हाला कळवणं भाग पाडत असला, तर तुम्हाला बोलावंच लागेल. तेव्हा ती बोलायला लागण्याआधीच सांगा की काय स्वतःपाशी ठेवू शकता आणि काय नाही. मग ऐका. मध्येच प्रश्नांची सरबत्ती नको. पुरावा मागू नका. "मी तुझ्यावर विश्वास ठेवते, यात तुझी चूक नाही" हे मोठ्याने म्हणा, गृहीत धरू नका. आणि घरी परस्पर फोन करू नका. ज्या घरी कळण्याच्या भीतीने ती आजवर गप्प होती तिथे तुम्ही तिला न विचारता कळवलंत, तर तिचा आणखी एक निर्णय तिच्या हातून काढून घेतलात. तिला आधीपासून तोच तर त्रास आहे.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्याला मी एकत्र बोलावलं. दोघांना समोरासमोर बसवावं, गैरसमज दूर करावेत, असा माझा सरळ हेतू होता. तो फार समजूतदारपणे बोलला. ती मान खाली घालून होती, आणि शेवटी म्हणाली, "माझंच चुकतं कधी कधी." मला वाटलं, बरं झालं, दोघांनी समजून घेतलं. नंतर तिने सांगितलं की त्या बैठकीत तिने उच्चारलेल्या एका वाक्यासाठी तिला आठवडाभर शिक्षा भोगावी लागली होती. ज्या नात्यात एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे मध्यस्थी करायची नसते. दोघांत सत्ता सारखी असेल तरच समेट होतो. दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकण्याची सवय शिक्षणसंस्थांमध्ये फार खोलवर आहे, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र "तिला वेळ देऊ" म्हणत थांबू नका. पहिली खूण, गळा आवळणं. "गंमतीत धरला होता", "एकदाच" असं ती म्हणेल. ज्या स्त्रियांचा गळा जोडीदाराने पूर्वी आवळला होता, त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सातपट असल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. गळ्यावर वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसला, गिळताना दुखलं, क्षणभर शुद्ध हरपली, नकळत लघवी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं. दुसरी, शस्त्राची धमकी. तिसरी, ब्रेकअपनंतरचा पाठलाग. नातं संपलं की धोका संपला असं आपल्याला वाटतं, पण सोडून जाण्याचा काळ आणि त्यानंतरचे आठवडे हा सर्वांत जोखमीचा काळ असतो. 'शेवटचं एकदा भेटू' या बोलावण्याला एकटीने जाऊ नये, एकांतात तर मुळीच नाही. कोणत्या रस्त्याने जायचं, रात्री कुठे राहायचं, कुणाला फोन करायचा, ठरलेला सांकेतिक शब्द कोणता, हे आधी ठरवून ठेवावं.

आणि आत्महत्येची धमकी. "तू गेलीस तर मी जीव देईन." ही सर्वांत कठीण, कारण ती खोटी असेलच असं नाही. मी मुलींना सांगते की ती खरी मानायची, आणि म्हणूनच एकटीने हाताळायची नाही. त्याच्या घरच्यांना, मित्रांना किंवा तातडीच्या सेवेला लगेच कळवायचं. त्याला मदत मिळायला हवी, पण ती मदत म्हणजे तिने नात्यात राहणं नव्हे.

त्या मुलाचं काय, हेही तुम्हाला विचारलं जाईल. तो राक्षस आहे असं समजून काही साधत नाही. कित्येक मुलं हेच पाहत वाढलेली असतात आणि आपण प्रेम करतोय असंच त्यांना वाटत असतं. पण कारण समजलं म्हणून वागणं क्षम्य होत नाही. ही दोन्ही वाक्यं त्याच्याशी बोलणाऱ्याला एकाच वेळी मनात धरता आली पाहिजेत. तिने काही सांगितलं आहे याचा सुगावा न लागू देता त्याच्याशी बोलणं शक्य नसेल, तर बोलूच नका. ती सुरक्षित झाल्यावर, तिच्या समुपदेशकाहून वेगळ्या व्यक्तीने त्याच्याशी बोलावं. त्याच्यावर सर्वांत जास्त परिणाम होतो तो त्याच्याच मित्रांचा. ग्रुपमध्ये तिचा फोटो टाकून तो काही बोलला आणि एकाने जरी "हे बरोबर नाही रे" म्हटलं, तरी वारं फिरू शकतं. सगळे गप्प राहिले तर त्याला ती संमती वाटते. मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ पासूनच्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं: बघणारे जितके जास्त, तितकी 'दुसरं कुणीतरी करेल' म्हणून गप्प राहण्याची शक्यता जास्त.

आता व्याख्यानाबद्दल. एकच व्याख्यान, मोठं सभागृह, तीनशे मुलं, शेवटी आभारप्रदर्शन. यातून वागणूक बदलते असं मला कधी दिसलं नाही. माहिती थोडी वाढते, काही दिवस चर्चा होते, एवढंच. ज्या उपक्रमांची नीट चाचणी झाली आहे ते वेगळे दिसतात. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात डेव्हिड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी वीस शाळांत १४-१५ वर्षांच्या मुलांसाठी २१ तासिकांचा अभ्यासक्रम त्यांच्याच शिक्षकांकडून राबवला. अडीच वर्षांनी जोडीदाराला मारहाण केल्याचं प्रमाण नेहमीच्या वर्गांत ९.८ टक्के होतं, या वर्गांत ७.४ टक्के. मुलग्यांमध्ये फरक बराच मोठा दिसला. त्या तासिकांत बराच वेळ सरावात जायचा: नकार कसा द्यायचा, नकार कसा ऐकायचा, तिढा कसा सोडवायचा. कॅनडातच शार्लीन सेन यांनी विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० मुलींवर केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन-तीन तासांच्या चार सत्रांत मुली ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखायला, स्वतःच्या इच्छेला मान द्यायला आणि ठाम प्रतिकार करायला शिकल्या. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण या गटात ५.२ टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ९.८ टक्के. हा आकडा सांगताना मी दर वेळी हेही सांगते की प्रतिकार जमला नाही म्हणून दोष मुलीकडे येत नाही, तो करणाऱ्याचाच असतो.

या दोन्हींतून माझ्यासाठी निघालेला अर्थ असा की नातं ही सरावाने शिकायची गोष्ट आहे. तुम्हाला प्राचार्यांकडून एक तास मिळाला असेल, तर त्याऐवजी वीस-पंचवीस जणांच्या गटांसाठी चार तास मागा, आणि ते वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत मागा. नव्या ओळखी, नवी नाती तेव्हाच जुळत असतात.

मी घेते तो एक सराव सांगते. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने एक साधी विनंती करायची, दुसऱ्याने कारण न देता "नाही, मला नको आहे" म्हणायचं. पहिल्याने फक्त "बरं, ठीक आहे" म्हणायचं आणि शांत राहायचं. इतकंच. मुलं आधी हसतात. मग कळतं की कारण न देता नाही म्हणणं किती अवघड आहे, आणि ते ऐकून गप्प राहणं त्याहून अवघड. एका मुलाने एकदा वर्गात सांगितलं, "मॅडम, मला आतून चिडायला झालं, आणि हे तर खोटं खोटं होतं." त्या दिवशीची पुढची सगळी चर्चा त्या एका वाक्यावर झाली. आपल्याकडे 'नाही' म्हणायला मुलींना शिकवण्याबद्दल खूप बोललं जातं. 'नाही' ऐकून घ्यायला सगळ्यांनाच शिकवावं लागतं, आणि बहुतेक कार्यक्रमांत तेच राहून जातं.

दुसरं सत्र मी ब्रेकअपवर घेते. नातं कसं जुळवायचं हे सगळे सांगतात, ते नीट कसं संपवायचं हे कुणी शिकवत नाही. नकार मिळाल्यावर रात्र कशी काढायची, कुणाला फोन करायचा, तिच्या प्रोफाइलवर जायची ऊर्मी येईल तेव्हा काय करायचं, याची यादी मुलं स्वतः करतात. तिसऱ्यात प्रसंग देऊन मध्ये पडण्याचा सराव असतो. केंटकी विद्यापीठात डोरोथी एडवर्ड्स यांनी विकसित केलेल्या उपक्रमात यासाठी तीन वाटा सांगितल्या आहेत: थेट बोलणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, किंवा अधिक योग्य माणसाला बोलावणं. भिडस्त मुलांना दुसरी वाट फार आवडते. पार्टीत कुणी मुलीला कोपऱ्यात अडवलं असेल तर "तुझा चार्जर कुठेय गं?" म्हणत मध्ये जाणं कुणालाही जमतं. चौथं सत्र मैत्रिणीचं किंवा मित्राचं ऐकायचं कसं, यावर. वर लिहिलेलंच, पण प्रत्यक्ष बोलून.

हे सुरू करण्याआधी मात्र एक तयारी हवी, आणि तिच्याशिवाय पहिलं सत्रही घेऊ नका. सत्र संपल्यावर कुणी येऊन "माझ्याबरोबर हेच घडतंय" म्हणालं, तर पुढे काय? तक्रार कुणाकडे, किती दिवसांत, समुपदेशक कोण, त्या दोघांचा वर्ग किंवा प्रयोगशाळेची बॅच एकच असेल तर वेगळी कशी करायची, बदल करायचा झाला तर तिलाच का हलवायचं, जवळचं रुग्णालय आणि हेल्पलाइन कोणती. हे कागदावर तयार ठेवा, आणि शिपाई, ग्रंथपाल, वसतिगृहाचे कर्मचारी यांनाही सांगा. मुलं कित्येकदा आधी त्यांच्याशीच बोलतात. प्राचार्यांनाही आत्ताच सांगून ठेवा की पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. छळ वाढला म्हणून नव्हे, सांगायला जागा मिळाली म्हणून. हे आधी बोललेलं नसेल तर वाढलेला आकडा पाहून कुणीतरी घाबरतं आणि उपक्रम बंद पडतो. मी तो असा बंद पडताना पाहिला आहे.

पण हे सगळं पुढच्या महिन्यातलं. उद्या तुम्ही त्या मैत्रिणीला पुन्हा बोलवा. गळा, शस्त्र, पाठलाग, जीव देण्याची धमकी, यातलं काही तिच्या कानावर आलं आहे का, ते आधी विचारा. असेल तर तिथेच न थांबता त्या मुलीपर्यंत स्वतः पोचा. नसेल, तर मैत्रिणीला म्हणा की तिला परत तालमीला किंवा नुसतंच चालायला बोलाव, नात्याचा विषय न काढता. ती नाही म्हणाली तर "बरं, पुन्हा विचारीन" म्हण, आणि पुढच्या आठवड्यात खरंच पुन्हा विचार. तुमच्या खोलीचं दार कोणत्या वेळी उघडं असतं, तेही तिच्यामार्फत त्या मुलीपर्यंत पोचू द्या.